एकशे चौतीस गुडघे

कासियानो तिकोनाने त्या सोमवारी फक्त धूळ पुसायची ठरवली होती. त्याच्या बचावात एवढं एकच वाक्य लिहिता येण्यासारखं आहे, म्हणून ते आधीच लिहून टाकलेलं बरं.

कार्निव्हलची सुट्टी होती. अख्खं ओरुरो शहर रस्त्यावर नाचत होतं. त्याची बायको देल्फिना हॉस्पिटलात ड्यूटीवर गेली होती. (कार्निव्हलमध्ये लोक नाचतात, नाचता नाचता पडतात, आणि पडलेल्यांना कुणीतरी उचलून पट्ट्या बांधाव्या लागतात.) सासूबाई, म्हणजे बाजारात बटाटे विकणाऱ्या सातुर्निनाबाई, स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याची तयारी करत होत्या. आणि कासियानो, नोटरीच्या कचेरीत बावीस वर्षं शिक्के मारण्यात घालवलेला इमानी कारकून, घरात मोकळा होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. कासियानोच्या घरात भिंतीपाशी कॉम्प्युटर होता.

हा कॉम्प्युटर आठ वर्षांपूर्वी जुना म्हणूनच विकत घेतला होता, तेव्हा आता त्याचं वय विचारण्यात अर्थ नव्हता. सकाळी बटण दाबावं आणि बटाटे उकडायला ठेवावेत. बटाटे शिजून, सोलून झाले की मग पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. आणि डोंगरावरच्या ओरुरोत, एवढ्या उंचीवर, बटाटे काही लवकर शिजत नाहीत.

पण त्या डब्यात देल्फिनाचा प्रबंध होता. देल्फिना सेहेचाळीस वर्षांची. एकोणीस वर्षं सहायक नर्स म्हणून राबल्यावर तिने पूर्ण नर्सची पदवी घ्यायचं मनावर घेतलं होतं, आणि प्रबंधाचा विषय निवडला होता, 'कार्निव्हलमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांचे गुडघे'. तीन वर्षं ती टेप घेऊन दारोदार फिरली. उंच टाचांचे बूट घालून चार-चार किलोमीटर नाचणाऱ्या सदुसष्ट बायका तिने गाठल्या, म्हणजे हिशेबाने एकशे चौतीस गुडघे. डिसेंबरात तिने एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं होतं, पण तेव्हा फक्त डावे गुडघे लिहून झाले होते. उजवे गुडघे आणि शेवटची दोन प्रकरणं एवढी त्या डब्यातच होती. कार्निव्हलनंतरच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. नाही दिला तर पुढची संधी दोन वर्षांनी.

"शुक्रवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही," देल्फिनाने बजावलं होतं. "बोटही लावायचं नाही. त्याच्याकडे टक लावून बघायचं पण नाही."

"बघितल्याने काय होतंय?"

"इस्त्रीकडे तू नुसतं बघतच होतास, कासियानो. आणि अर्ध्या गल्लीची वीज गेली."

हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने डबा का उघडला? तर प्रेमापोटी. हसू नका, खरंच प्रेमापोटी. कचेरीत शुक्रवारी सहकारी अबुन्दियो त्याच्या कानाशी लागला होता, "अरे, रॅमची एक पट्टी टाक आत. म्हातारं मशीन कोकरासारखं उड्या मारेल." कासियानोने लगोलग पट्टी विकत आणली. देल्फिना ड्यूटीवरून येईल, बटण दाबेल, पडदा क्षणात उजळेल आणि ती नवऱ्याकडे वळून बघेल, लग्नाआधी बघायची तसं, हे चित्र तीन दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या बघण्यासाठी माणूस डोंगर चढून जातो. इथे तर चार स्क्रू काढायचे होते.

त्याने डबा उघडला आणि आत बघतच राहिला. आत धूळ नव्हती, आत कार्निव्हल होता. दरवर्षीच्या पूजेत सासूबाई कॉम्प्युटरवर मूठभर रंगीत कागदाच्या टिकल्या उधळत, आणि त्या फटीफटीतून आत जाऊन आठ वर्षं साचल्या होत्या. सर्वांत खाली फिकट गुलाबी थर, त्यावर पिवळा, त्यावर निळा, त्यावर हिरवा. कासियानोने दाढीच्या ब्रशने सगळं उकरून काढलं आणि एक चांगला थाळाभर ढीग जमवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच तो थांबता, तर ही गोष्ट लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

त्याने जुनी पट्टी काढली, नवी खाचेत ठेवली, दाबली. आणि अबुन्दियोला फोन लावला. अबुन्दियो मिरवणुकीत होता.

"बसली का पट्टी?" पलीकडून अबुन्दियो ओरडला.

"बसली असं वाटतंय!"

"वाटून चालत नाही! टक् वाजलं का?"

"काय?"

"आत नीट बसली की टक् असा आवाज येतो! आला का?"

नेमका त्याच वेळी साठ वादकांचा बँड कासियानोच्या खिडकीखाली पोचला. तुताऱ्या, झांजा आणि बैलगाडीच्या चाकाएवढे ढोल. खिडकीची तावदानं थरथरत होती. कासियानोने पट्टी पुन्हा दाबली आणि कान देऊन ऐकलं. टक् काय, धडाम, धुडूम, सगळंच ऐकू आलं.

"इथे सगळंच वाजतंय!" तो ओरडला.

"मग त्यात तेही वाजलं असणार!" अबुन्दियो म्हणाला आणि नाचायला निघून गेला.

कासियानोने तारा जोडल्या. तीन स्क्रू उरले. (कारखानेवाले दोन-चार जास्तीचे घालतच असणार, असं त्याने स्वतःला समजावलं.) बटण दाबलं. आत पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळा राहिला. त्याने बंद करून पुन्हा लावलं. काळा. हलक्या हाताने लावलं, जोरात लावलं, छातीवर क्रूस काढून लावलं. पंखा इमाने इतबारे फिरत होता आणि पडदा कोळशाच्या खाणीसारखा काळा. बँड पुढे निघून गेला. त्या शांततेत कासियानोला एकदम उजवे गुडघे आठवले, सदुसष्टच्या सदुसष्ट, आणि तो खुर्चीवर बसून चक्क रडला.

"जावईबापू," दारातून आवाज आला. सासूबाई डाव हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी काळा पडदा बघितला, त्याच्या तळहातावरचे तीन स्क्रू बघितले, त्याचं तोंड बघितलं. "कोकाच्या पानांचा चहा टाकू का?"

"नको आई. डोळ्यांत धूळ गेली."

"हं," असं म्हणून सासूबाई आत गेल्या. बटाटे विकणाऱ्या बाईला यातलं काय कळणार, असं वाटून कासियानोने सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस अडचणीत आला की मूर्ख होतो, आणि मुळातच थोडा असेल तर मग बघायलाच नको.

संध्याकाळी देल्फिना घरी आली ती पाय ओढतच. "मशीन लाव रे जरा. शेवटचं पान तेवढं लिहून टाकते."

"आज नको," कासियानो म्हणाला. "विजेचा दाब कमीजास्त होतोय. उगाच जोखीम कशाला?"

देल्फिनाने त्याच्याकडे बघितलं, आणि काय सांगावं, अगदी लग्नाआधी बघायची तसंच बघितलं. "शहाणा झालास की," ती म्हणाली आणि गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या बसल्या झोपली. ते बघणं कासियानोच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

दुसरा दिवस मंगळवार, म्हणजे 'चाल्या' या पूजेचा. वर्षभर ज्या ज्या वस्तूने साथ दिली तिला कागदी माळा घालायच्या, टिकल्या उधळायच्या, धूप दाखवायचा आणि पाचामामेला, धरणीमातेला, तिच्या वाट्याची बिअर पाजायची. सासूबाई सकाळपासून सगळ्या घरभर फिरत होत्या. गोल हॅट, नवा घेरदार घागरा, एका हातात बाटली. मागे देल्फिना धुपाचं भांडं घेऊन. घराचे चार कोपरे झाले, गॅसची शेगडी झाली, शिवणयंत्र झालं, बटाट्यांची हातगाडी झाली. प्रत्येक ठिकाणी दोन थेंब आणि एक आशीर्वाद, "शुभ घडी असो!" सासूबाईंचे थेंब मोजून पडत. सणाची बिअर त्या औषधासारखी वापरायच्या.

मिरवणूक कॉम्प्युटरकडे वळली, आणि कासियानोच्या डोक्यात सैतान शिरला. (तो ओरुरोत असतोच, कार्निव्हलात तर मुखवटे घालून रस्त्यावर शेकड्यांनी नाचतो, पण एखादा घरात शिरेल हे ध्यानात येत नाही.) मशीन कालच मेलंय. पण आज जर त्यावर बिअर पडली, तर ते आज मेलं असं होईल. आणि बिअर ओतणारे हात सासूबाईंचे असतील. देल्फिना आईला काय बोलणार? आई ती आई.

त्याने डब्यावरचं कापड दूर केलं. झाकण काढलेलंच होतं.

"आई," तो मधाळ आवाजात म्हणाला, "यंदा याची चाल्या जरा मोकळ्या हाताने करा. शुक्रवारचं काम आहे. मी झाकणसुद्धा उघडंच ठेवलंय, आशीर्वाद थेट आत जाऊ दे."

"मोकळ्या हाताने?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी मोकळ्या."

सासूबाईंनी क्षणभर त्याच्याकडे रोखून बघितलं. मग पेला काठोकाठ भरला. देल्फिना मागे वळून धुपावर फुंकर घालत होती. कासियानोने डोळे गच्च मिटले. बिअर पडल्याचा आवाज आला, दोन थेंबांचा नव्हे, चांगल्या पेलाभर बिअरचा.

"शुभ घडी असो!" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, हे काय केलंत!" कासियानो ओरडला. (ही ओळ त्याने आधीच तयार ठेवली होती, त्यामुळे ती अर्धा क्षण लवकर आली. पण कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्याला वाटलं.)

देल्फिनाने धुपाचं भांडं खाली टाकलं आणि धावत येऊन बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा काळाच. तिने पुन्हा पुन्हा दाबलं. मग ती जमिनीवर बसली. ती किंचाळेल, भांडी फेकेल, अशी त्याची अपेक्षा होती. तसं काहीच झालं नाही. ती अगदी हळू म्हणाली, "तीन वर्षं. रात्रपाळी करून. लोकांच्या जिन्यांवर बसून मोजलेत मी ते," आणि रडायला लागली.

"माझीच चूक, पोरी," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. त्या बाईने नवऱ्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा हॅट काढली नव्हती.

"तुझ्या पाचामामेला एवढी तहान लागली होती तर अंगणात ओतायचं होतंस!" देल्फिना ओरडली. "माझ्या गुडघ्यांवर कशाला?"

सासूबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. कासियानोचा बेत शंभर टक्के यशस्वी झाला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आणि त्याला इतकं लाजिरवाणं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुपारी रस्सा वाढला गेला. मटण, बटाटे, भात, वर उकडलेला पीच. सासूबाईंनी सर्वांत चांगला तुकडा निवडून त्याच्या ताटात घातला. तो घशाखाली उतरेना. सांगून टाकावं असं त्याने तीनदा ठरवलं. पहिल्यांदा तोंड उघडलं तर "मीठ" एवढंच बाहेर आलं. दुसऱ्यांदा "पाणी". तिसऱ्यांदा सासूबाईच शाल गुंडाळून बाहेर पडल्या.

तासाभराने परत आल्या त्या कण्हतच. "चर्चमधल्या खाणीच्या मातेला नवस बोलून आले," त्यांनी जाहीर केलं. "गुडघे परत मिळाले, की तीन वर्षं कार्निव्हलात तिच्यापुढे नाच."

"आई!" देल्फिना राग विसरून उठली. "एकाहत्तर वर्षांची आहेस तू! जिना चढताना तुझे गुडघे शेजाऱ्यांना ऐकू येतात!"

"मातेपुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही," असं म्हणून सासूबाई भिंतीला टेकल्या आणि गुडघे चोळत बसल्या.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर बटाट्यांच्या हातगाडीवर चढला, गळ्यातल्या कागदी माळांसकट, कारण त्या काढणं अशुभ. कासियानो गाडी ढकलत होता, देल्फिना डब्याला धरून चालत होती आणि मागे सासूबाई लंगडत होत्या. बाजारात रोक्साना बाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे रांग लागली होती. कुणाच्या हातात बिअर प्यायलेला मिक्सर होता, कुणाच्या टिकल्यांनी गच्च भरलेला टीव्ही, कुणाचा फोन नुसता फेस सोडत होता.

"चाल्या?" रोक्साना बाई वर न बघता प्रत्येकाला विचारत. "बुधवार म्हणजे माझा सुगीचा दिवस. पाचामामा मला उपाशी मरू देत नाही."

त्यांनी डबा टेबलावर घेतला. मागे सासूबाई पाय सावरत उभ्या होत्या, भिंतीचा आधार घेऊन. एक गुडघा वाजला. तो आवाज कासियानोला त्या साठ वादकांच्या बँडपेक्षा मोठा वाटला.

"थांबा!" तो ओरडला. सगळी रांग वळली. "आईंनी काही केलेलं नाही. मशीन सोमवारीच बंद पडलं होतं. मी उघडलं, मी बिघडवलं. बिअर मुद्दाम ओतायला लावली, म्हणजे दोष त्यांच्यावर जाईल. देल्फिना, विजेच्या दाबाचंही खोटं होतं."

मिक्सरवाल्या बाईने तोंडावर हात ठेवला. देल्फिना त्याच्याकडे बघत होती, पण लग्नाआधी बघायची तशी मुळीच नव्हे.

"कबुलीजबाब चर्चमध्ये द्या हो, इथे उजेड अडतोय," रोक्साना बाई म्हणाल्या. त्यांनी डब्यात नाक घातलं, बोट फिरवलं, दिवा धरला. "बिअर कुठाय? आत एक थेंब नाही. कोरडा ठणठणीत आहे. ही पट्टी मात्र नुसती वर ठेवलीय. कुणी बसवली?"

रोक्साना बाईंनी अंगठा ठेवला आणि दाबला.

टक्.

एवढा स्वच्छ, खणखणीत, न चुकता ऐकू येणारा टक् की रांगेतल्या शेवटच्या माणसानेही मान डोलावली. पडदा उजळला, आणि बटाटे नुसते धुऊन होण्याच्या आत. देल्फिनाने फाइल उघडली. बोट लावून लावून सदुसष्ट उजवे गुडघे मोजले. मग वळली आणि आईला मिठी मारली.

"पण आई," कासियानो चाचरत म्हणाला, "तुम्ही पेलाभर ओतलीत ना? मी स्वतः ऐकलं."

"ऐकलंस. बघितलंस का?" सासूबाई म्हणाल्या. "चाल्या जमिनीची असते, अरे पोरा. साठ वर्षं करतेय मी. जमिनीवर ओतली. यंत्रात बिअर ओतायला मला काय वेड लागलंय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सोमवारी तू बसून रडत होतास. धुळीने कुणी असं रडतं का?"

"मग दोष स्वतःवर का घेतलात?"

"आईवरचा राग दोन दिवसांत उतरतो, नवऱ्यावरचा मुरतो. सणासुदीला घरात काय मुरवायचं ते बायकांनी ठरवायचं असतं." त्यांनी हॅट सारखी केली. "शिवाय तुला खरं बोलायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. दीड दिवस लागला. वाईट नाही. माझ्या नवऱ्याला अकरा वर्षं लागली होती."

कासियानो त्यांच्यापुढे वाकला. "आई, तुमचा तो नवस... तुमचे पाय..."

"नवस अगदी खरा बोललेय. गुडघे हवेच होते मला पोरीचे." सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पण नाव तुझं घातलंय."

प्रबंध शुक्रवारी बाराला अकरा मिनिटं कमी असताना विद्यापीठात पोचला. तोवर देल्फिना कासियानोशी एक अक्षर बोलली नाही. पोचल्यावर एकच बोलली, "जेवलास का?" आणि तो समजायचं ते समजला. एप्रिलात ती पूर्ण नर्स झाली. परीक्षकांनी उजव्या गुडघ्यांचं विशेष कौतुक केलं.

नोव्हेंबरात पुढच्या कार्निव्हलच्या तालमी सुरू झाल्या. नाचाच्या मंडळात रिवाज असा, की नव्या नाचणाऱ्याने मातेच्या तसबिरीपुढे उभं राहून, सगळ्यांच्या देखत, आपण नवस का बोललो ते सांगायचं. कासियानोच्या आधी एक म्हातारा उभा राहिला. खाण कोसळली होती, मुलगा चार दिवसांनी जिवंत बाहेर आला. सगळ्यांनी डोळे पुसले. मग एक बाई. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आज ती स्वतःच्या पायांवर उभी होती. कुणीतरी हुंदका दिला.

मग कासियानो उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात चुरगाळली.

"बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये," तो म्हणाला, "मी रॅमची पट्टी नीट दाबली नव्हती. आणि ते सासूवर ढकललं."

मंडळाचे प्रमुख वयस्कर, भले गृहस्थ होते. तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे नवस ऐकले होते. त्यांनी वही उघडली, पेन उचललं, थोडा वेळ कासियानोकडे बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "तीन वर्षं पुरतील ना, भाऊ?"

कासियानोने तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून दोन बायकांचा एकदम आवाज आला, "नाही!"